पाय कुठे ठेवू

१२ जानेवारी
आलो एकदाचे. खापरखेड्याहून निघालो, वाडी नाक्यावरचे ट्रक चुकवत नातीच्या, दीक्षाच्या स्कूटरवर माझी कंबर पार ढिली झाली. या जुन्या महालातल्या फरश्यांचे फोटो काढायचं काम तिला मिळालं. म्हणाली, आजी, घरी माश्या मारण्यापेक्षा चल. मालक परदेशात, महाल राखतो कवडू. काय फरशी आहे! निळी-पिवळी शेवंती, वेली, आत्ताच पुसल्यासारखी चकाकी. बागेतल्या वाटाही तशाच, दोन्हीकडे संत्री लगडलेली. मी चपला बाहेर काढल्या तर कवडू हसला, म्हणे फरशीच तर आहे मावशी, काहून लाजता? रात्री त्याने वांग्याची भाजी-भाकर केली. पोट भरून झोपते.

१३ जानेवारी
दिवाणखान्यात एका शेवंतीत बाईचा चेहरा दिसला. काल नव्हता. माझा पाय नेमका तिच्या गालावर. सवयीने वाकले, तिला हात लावून छातीशी नेला. गाल कोमट होता. बोटं जराशी चिकटली, ओढून काढली.
दीक्षा म्हणाली, आजी, तू खुर्चीलाही माफी मागतेस. कवडू मात्र हसला नाही. म्हणाला, फरशीले माणूस काहून मानलं वं मावशी? आता सगळेच जागे होऊन राहिले.

१४ जानेवारी
फुलाफुलात चेहरे. नथीतली नवरी, टोपीवाला म्हातारा. पापण्या हलतात. बागेच्या वाटेवरही तेच. खिडक्यांना गज, बाहेर पडायचं तर या चेहऱ्यांवरूनच. कवडू बूट घालून खाली न बघता खुशाल तुडवत जातो. म्हणतो, तुम्हीही तसंच करा, माया दाखवली की चिकटलात. जित्या माणसाच्या तोंडावर पाय कसा द्यायचा?
त्या गालाला लावलेल्या बोटांवर निळी चकाकी आली आहे. साबणाने जात नाही.

१५ जानेवारी, सकाळ
कवडू फिरकला नाही. दीक्षा म्हणाली, डोळे मिटून पळते, माणसं घेऊन येते. पळाली. उंबऱ्याशी कुणाच्या तरी ओठांवर पाय पडला. कुणी कण्हलं. ती थांबली, वाकली — पाय लागला की हात लावून माफी मागायची, लहानपणी मीच शिकवलेलं — मी ओरडले, नको —

दुपार
कॅमेरा पडला आहे. उंबऱ्यालगत, शेवंतीत, तिची वेणी. तिचे डोळे.

संध्याकाळ
निळं कोपरापर्यंत. पेन धड धरवत नाही. थांबले तर मीही फरशी. मग तिला सोडवायला कोण —
बाकीच्यांवरून आले. रडत आले, पण आले. आता दाराशी फक्त ती. चेहरा पसरलाय, दारभर तीच, बाजूला बोटभर जागा नाही.
ओठ हलवते. पाय दे, आजी. बघू नकोस.
याच पायांवर आडवी घालून तिला न्हाऊ घातलं. नाकात पाणी जाऊ नये म्हणून कपाळावर हात धरून —
तिने डोळे मिटले. माझ्यासाठी मिटले.
पाय उचलला आहे. टाच नाही, नुसती बोटं टेकवीन, अगदी हलके, तिच्या कपाळाच्या —