म्हातारी डावीकडे ओढते

३ फेब्रुवारी, मंगळवार

आज म्हातारी पुन्हा डावीकडे गेली. म्हातारी म्हणजे गाडी. एकवीस वर्षं झाली तिला माझ्याकडे येऊन, आणि मी एकसष्टची — त्यामुळे घरात म्हातारी म्हटलं की आधी ‘कुठली?’ असं विचारावं लागतं.

नेमकी लेक शेजारी बसलेली. दोन दिवसांसाठी आली आहे. पहाटेच फोन आला, नदीपलीकडच्या गोठ्यात गाय अडली होती. लेकीला म्हटलं, चल, आईचं काम बघ तरी. काटा साठच्या वर गेला आणि स्टिअरिंग हातात थरथरायला लागलं. मग डावीकडची ओढ. मी सवयीनं उजवीकडे धरून ठेवते, त्यात काय! खड्डा आला की पुढून खट्ट. लेकीनं खिडकीवरची कडी जी धरली ती गोठा येईपर्यंत सोडली नाही.

कालवड झाली. पुढचा पाय आत दुमडलेला, खांद्यापर्यंत हात घालून सरळ केला. गाय उठून चाटायला लागली तशी गोठ्याच्या मालकीणबाईंनी माझा तोच बरबटलेला हात धरला. परतताना मी गुणगुणत होते.

लेक म्हणाली, "आई, गाडी वाकडी चालते की तू वाकडी चालवतेस?"

माझं गुणगुणणं बंद.

४ फेब्रुवारी, बुधवार

लेक गेली. जाण्याआधी चहाच्या टेबलावर रीतसर खटला भरला. वकील आहे, तिला साधं भांडता येत नाही. एक — गाडी मेकॅनिकला दाखवायची. दोन — दोष गाडीत निघाला तर दुरुस्त करून खुशाल हिंडायचं. तीन — गाडीत दोष निघाला नाही, तर हात डॉक्टरांना दाखवायचे आणि फिरती बंद. दवाखान्यात बसून येतील ती जनावरं तपासायची.

ह्यांच्याकडे बघितलं. वर्तमानपत्रात तोंड खुपसलेलं, हातात लाल पेन. छापखान्यात पस्तीस वर्षं मुद्रितं तपासली, निवृत्त होऊन सहा वर्षं झाली तरी चुका काढणं सुटत नाही. मान वर न करता म्हणाले, "अटी वाजवी आहेत." घरचाच भेदी!

दवाखान्यात येणार काय — कुत्र्यांची नखं आणि मांजरांचे कान. गाय काही रिक्षात बसून येत नाही. गोठ्यात शिरले की ती मान वळवून बघते, त्या बघण्यावर मी पस्तीस वर्षं काढली.

आता खरं काय ते लिहिते, कागदाला कसली भीड. गेले दोन महिने माझं मलाच कळत नाहीये — थरथर स्टिअरिंगमधून हातात येते, की हातातून स्टिअरिंगमध्ये जाते. लेकीनं नेमकं त्यावर बोट ठेवलं म्हणून राग आला.

५ फेब्रुवारी, गुरुवार

शिवणाच्या डब्यातली सगळ्यात बारीक सुई काढली. खिडकीत उभी राहून दोरा ओवला. पहिल्या फटक्यात! आता रोज सकाळी हेच.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

सुई ओवली. एका बोकडाच्या कानाला सहा टाके घातले, एकही वाकडा नाही. बोकडानं आभार म्हणून एप्रनची नाडी खाल्ली.

७ फेब्रुवारी, शनिवार

म्हातारीला घेऊन गॅरेजमध्ये. हा मेकॅनिक फार कमी बोलतो, मी मनात त्याला मौनी म्हणते. गेल्या वर्षी ब्रेक केले तेव्हा दिवसभरात चार शब्द बोलला होता, त्यातले दोन ‘बसा’.

पुढचं डावं चाक जॅकवर उचललं. वर आणि खाली धरून हलवलं — खट्ट. मग दोन बाजूंनी धरून हलवलं — पुन्हा खट्ट. माझ्याकडे बघितलं. मग पाठीवर झोपून गाडीखाली सरकला आणि मला आत बसवून म्हणाला, "हळूच फिरवा. चाक वळायच्या आधी थांबा. डावं, उजवं, डावं." मी दोन बोटं डावीकडे, दोन बोटं उजवीकडे करत राहिले. तो खाली प्रत्येक सांध्यावर तळवा ठेवून पडलेला. डोळे मिटलेले, मी वाकून बघितलं. मला एकदम तो आपला माणूस वाटला. गाभण गाईच्या कुशीवर हात ठेवून मी अशीच उभी राहते. वासरू कुठं आहे ते डोळ्यांना नाही, तळव्याला कळतं.

"इथं," खालून आवाज आला. मग "इथं." मग, "इथंही."

तीन ठिकाणी दोष! इतका आनंद मला लेकीच्या निकालालाही झाला नव्हता. बाहेर आल्यावर म्हणाला, "डॉक्टरबाई, हे एका दिवसाचं नाही. चार वर्षं तरी झाली." टायरची आतली कड दाखवली, तिथं नक्षी उरलीच नव्हती, गुळगुळीत. म्हणजे चार वर्षं ती डावीकडे जात होती आणि मी तिला उजवीकडे खेचत होते. आणि नाव माझ्या हातांचं!

घरी पायीच आले. सगळा रस्ता उतार असल्यासारखा वाटला.

८ फेब्रुवारी, रविवार

हे माझी यादी घेऊन वाणसामान आणायला निघाले आणि दारातून परत आले. "हे साखर आहे की साबण?" मी म्हटलं, साखर. चष्मा कपाळावर ढकलून यादी डोळ्यांजवळ नेली. "अक्षर बारीक झालंय तुझं. शेवटच्या ओळी तर मुंग्यांसारख्या." म्हटलं, कागद वाचवते, तेवढीच झाडं वाचतील. त्यांनी यादीची घडी घालून खिशात ठेवली. चूक सापडल्यावर हा माणूस गप्प बसतो असं सहसा होत नाही.

खरंच की, या वहीतही पानाला जास्त ओळी बसायला लागल्यात. वही वर्षभर पुरेल.

सुई ओवली.

१० फेब्रुवारी, मंगळवार

गाडी नाही म्हणून दवाखान्यातच. एक गृहस्थ लंगडणारा कुत्रा घेऊन आले, टेबलावर ठेवायच्या आधीच "हा पाय दाबून बघा, हा पाय" सुरू. त्यांना सांगितलं, आधी त्याला खाली सोडा, नुसता उभा राहू द्या. स्वस्थ उभं असताना जनावर जे सांगतं ते हात लावल्यावर लपवतं. दोन मिनिटं नुसतं बघितलं. दुखणं त्या पायात नव्हतंच, दुसऱ्याच पायात होतं. मला तेवढंच बरं वाटलं.

दुपारी गॅरेजवरून चक्कर मारली. मौनीनं जुना बॉल जॉइंट माझ्या हातात दिला. चाकाला धरून ठेवणारा सांधा — वाटीत गोळा, हुबेहूब खुबा! पण गोळा वाटीत खुळखुळत होता. "हा निसटला असता तर चाक आडवं झालं असतं," म्हणाला. त्याच्या मानानं हे भाषणच. मी तो सांधा मागून घेतला. आता टेबलावर आहे, पुरावा म्हणून. वकिलाची आई आहे मी.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

म्हातारी घरी! दोन्ही बाजूंचे सांधे नवे, स्टिअरिंगच्या दांड्यांची टोकं नवी, भुगा झालेले रबरी बुश नवे, पुढचे टायरही. मग चाकं सरळ रेषेत लावून घेतली. खड्ड्यात घातली मुद्दाम — आवाज नाही. साठ, पासष्ट, सत्तर — थरथर नाही. फाटकाशी हे उभे होते, त्यांना म्हटलं, बघा, म्हातारीला नवे गुडघे बसले. "कुठल्या?" म्हणाले.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

उजवीकडे जातेय.

कल्पना नाही ही. तलावाजवळच्या सरळ रस्त्यावर तीन वेळा. समोरून आलेल्या टेम्पोवाल्यानं हॉर्न वाजवून माझ्या सात पिढ्यांची विचारपूस केली. आधी डावीकडे, आता उजवीकडे. मौनीनं काहीतरी जास्त आवळलं असणार. असणारच.

१४ फेब्रुवारी, शनिवार

मौनी एकटा चक्कर मारून आला. "सरळ आहे," म्हणाला आणि किल्ली हातात दिली. घरी आणताना पुन्हा उजवीकडे.

सुई ओवली, पण दुसऱ्या फटक्यात. ढग होते, उजेड कमी होता. लेकीचा फोन आला तो ह्यांना घ्यायला लावला आणि न्हाणीघरात जाऊन नळ सोडला. एकसष्टाव्या वर्षी पोटच्या पोरीपासून लपते आहे. भीती वाटते. फिरती गेली तर माझ्यातलं काय उरेल हे मला माहीत नाही, आणि ते ह्यांनाही सांगता येत नाही.

१६ फेब्रुवारी, सोमवार

पुन्हा गॅरेज. मौनीला म्हटलं, तू एकटा जाऊ नकोस, माझ्या शेजारी बस. गोदामांच्या मागं लांबलचक रिकामा रस्ता आहे, तिथं नेली. चाळीसवर होते. उजवीकडे सरकायला लागली तशी म्हटलं, बघ!

"हात सोडा," तो म्हणाला.

"काय?"

"सोडा. मांडीवर ठेवा."

सोडले. गाडी पट्टीनं आखल्यासारखी सरळ गेली. गोदामाच्या टोकापर्यंत, एक बोटभरही इकडं-तिकडं नाही!

"गाडी सरळ आहे. तुम्ही उजवीकडे ओढता. चार वर्षं ओढलंत ना. गाडी सुधारली, हातांना कुणी सांगितलंच नाही."

मी इतकी हसले की गाडी बाजूला घ्यावी लागली. म्हणजे दोष गाडीचा, खोड माझी! चार दिवसांत मोडेल असं म्हणाला. मी म्हटलं, बाकी सगळं झकास, फक्त मघाशी उजव्या मांडीला जराशी थरथर लागत होती, इंजिनाची असेल. तो माझ्या हाताकडे बघत होता. मग खिडकीबाहेर बघायला लागला.

"इंजिन बरोबर आहे, डॉक्टरबाई," म्हणाला. पुढं काही नाही. मौनीच तो.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

लेकीला स्वतःहून फोन. बॉल जॉइंट, बुश, टायरची कड, सगळा पुरावा क्रमानं मांडला. "बरं बाई, केस जिंकलीस," म्हणाली. मग, "मला बरं वाटलं, आई." मलाही फार बरं वाटलं. ह्यांना सांगितलं तर "छान" म्हणाले आणि माझ्या हातातला कप घेऊन टेबलावर ठेवला. चहा बशीत सांडला होता, मला कळलंही नव्हतं. आनंदात कुणाचं लक्ष असतं!

तीन गोठे केले आज. येताना सूर्य समोर, खिडक्या उघड्या, स्टिअरिंगवर दोन बोटं. हात नवं शिकायला लागलेत.

१८ फेब्रुवारी, बुधवार

सुई ओवली, पहिल्या फटक्यात. परीक्षा संपली, डबा कपाटात.

१९ फेब्रुवारी, गुरुवार

सकाळी गाडीत बसून ह्यांच्या हातून डबा यायची वाट बघत होते. गाडी सुरू केलेली नव्हती. किल्ल्यांचा जुडगा उजव्या हातात, हात मांडीवर. किल्ल्या वाजत होत्या.

हात उचलून सुई धरतात तसा धरला. थांबला. मांडीवर ठेवला — पुन्हा वाजायला लागल्या. दोन आठवडे मी कामातल्या हाताची परीक्षा घेतली. स्वस्थ हात एकदाही बघितला नाही. कुत्र्याच्या बाबतीत ही चूक केली नसती.

हे डबा घेऊन आले ते खिडकीशीच थांबले. मी काही विचारलं नव्हतं. "साखर वाचता आली नाही तेव्हापासून बघतोय," म्हणाले. खिशातून ती यादी काढली, अजून जपून ठेवलेली.

लेकीला फोन केला. तिसरी अट मान्य म्हटलं. आधी डॉक्टर, फिरतीचं ते सांगतील तसं. उलट मीच तिला समजावलं. उद्याची वेळ मिळाली आहे.

पण आज नदीपलीकडे कालवडीला सुई टोचायची होती, आणि कामातला हात अजून माझा आहे. मी सरकून डावीकडे बसले, एकवीस वर्षांत पहिल्यांदा. ह्यांनी गाडी काढली. रस्ताभर दुकानांच्या पाट्यांवरच्या चुका सांगत होते, आणि म्हातारी सरळ चालली होती.