नारळी ते पोळा

॥ श्री मारुती प्रसन्न ॥

तिगाव, ता. सौसर
ज्येष्ठ वद्य ५, शके १८७८ (जून १९५६)

चि. श्रीकांत यास दादाचे अनेक आशीर्वाद. सौ. उर्मिलेसही आशीर्वाद. वि. वि. इकडे सर्व क्षेम असून तुम्हा दोघांचे क्षेम रोज दिवा लावताना मागत असतो.

उर्मिलेचे कार्ड काल मिळाले. तिने बाळंतपणाचे दिवस श्रावण वद्यातले लिहिले आहेत. तुझ्या वहिनीने ते कार्ड देव्हाऱ्यात ठेवले आहे. मला वाचायला दिले तेही हात धुऊन या म्हणून.

पाऊस बरा येऊन राहिला आहे. मळ्यातल्या संत्र्यांना आंब्या बहाराची फळे सुपारीएवढी झाली. शाळेत मात्र आम्हा गुरुजींची डोकी ठिकाणावर नाहीत. नागपूरची राजधानी जाणार, आमचा तालुका भोपाळकडे राहणार आणि वरुड, काटोल मुंबई राज्यात जाणार असे बोलतात. म्हणजे तुझ्या वहिनीचे माहेर दुसऱ्या राज्यात. ती म्हणते की बरे झाले, आता मास्तर रागावले की परराज्यात जाऊन बसेन.

आता मनातले लिहितो. लढाईच्या वर्षांत तू घरून निघालास, आरमारात भरती झालास, आणि लढाई संपल्यावर घरी येशील म्हणून बापूजी वाट पाहत राहिले. तू खाडीकाठी घर केलेस, तिथलीच मुलगी केलीस, सासऱ्यांबरोबर शिडाचा मचवा चालवू लागलास. त्याबद्दल कोणाचा राग नाही. उर्मिलेसारखी सून बापूजींना शोधूनही सापडली नसती. पण दोन वर्षांमागे पोर जन्मली आणि गेली, तेव्हा तू कौले भरून मुंबईच्या वाटेवर होतास. ती बातमी तुला धक्क्यावर कळली. उर्मिला त्या घरात एकटी कशी राहिली असेल ते मी मनात आणू शकत नाही.

म्हणून म्हणतो, मचवा विकून टाक आणि घरी ये. मळ्याचा नाल्याकडचा अर्धा भाग तुझाच आहे. मागच्या शनिवारी जामसांवलीला गेलो होतो. मारुतीरायाला बोललो की धाकटा कायमचा घरी आला तर दोघे भाऊ मिळून शेंदूर चढवू. नवस बोललो आहे, तेव्हा त्याचा मान तूही ठेवशील.

प्रकृतीस जपणे. इतक्या लांबून जेवढी माया पाठवता येते तेवढी या कागदात घातली आहे.

तुझा
दादा

---

भाटवाडी, दाभोळची खाडी
ता. ९ जुलै १९५६

तीर्थरूप दादांच्या चरणी श्रीकांतचा साष्टांग नमस्कार. वहिनींना नमस्कार. विनंती विशेष.

तुमचे पत्र भिजून आले, पण अक्षर गेले नाही. पोस्टमन म्हणाला की तुमच्या भावाची शाई गावठी दिसते. मी म्हणालो, भाऊही गावठीच आहे, म्हणून टिकतो.

पावसाळ्यात दर्या बंद असतो. मचवा किनाऱ्यावर ओढून कुशीवर निजवला आहे आणि वर नारळीच्या झापांचे छप्पर घातले आहे. घराच्या पडवीतून तो दिसतो. पाणी थांबले की मी जाऊन त्याच्या फळ्या बघतो आणि फटीत कापूस ठासतो. सासरे भगवंतराव म्हणतात की कापसाच्या मुलखातला जावई मिळाल्याचा एवढाच काय तो फायदा झाला. उर्मिला म्हणते, तुमची दोन घरे आहेत आणि दोन्ही गळतात.

दादा, तुम्ही लिहिले ते मी तिला वाचून दाखवले. ती उठून चूल फुंकायला गेली. ती बोलत नाही तेव्हा मला भीती वाटते.

तुम्हाला खोटे सांगणार नाही. दर्यावर असलो की या चुलीचा धूर आठवतो. घरी असलो की भरतीच्या वेळेला आपोआप जाग येते आणि पाय जमीन हलते का ते चाचपून पाहतात. तुम्हाला वाटेल की मी दोन्हीकडे अर्धाच असतो. पण मचवा विकून मी तुमच्या मळ्यात आलो, तर तिथेही तुम्हाला अर्धाच मिळेन. मी पुरा कुठे असतो, हे ती पोर गेली त्या दिवसापासून स्वतःला विचारत आलो आहे.

अडचण पुढे आहे. नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ दिला की सगळे मचवे निघतात. चिपळूणचे व्यापारी पहिल्या फेरीचा माल ज्याला देतात त्यालाच वर्षभर विचारतात. आणि उर्मिलेचे दिवस बरोबर त्याच्या पुढच्या पंधरवड्यातले. या खेपेला काय करणार ते मला अजून माहीत नाही. मारुतीरायाला माझा नमस्कार सांगा आणि थोडा धीर धरायला सांगा.

वहिनींच्या हातची आंबाडीची भाजी स्वप्नात येते. मायेत ओहोटी येऊ देऊ नये, ही विनंती.

आपला
श्रीकांत

---

॥ श्री मारुती प्रसन्न ॥

तिगाव
आषाढ शुद्ध १५, गुरुपौर्णिमा

चि. श्रीकांत यास आशीर्वाद. वि. वि. पत्र पोचले. त्यावर वाद घालणार नाही, समक्ष येऊन बोलतो. तुझी वहिनी आणि मी दोघेही येत आहोत, पण एक घोटाळा झाला आहे. तो आधी सांगून टाकतो, म्हणजे तू धक्क्यावर हसत बसणार नाहीस.

रजेचा अर्ज तारखेने करावा लागतो आणि मला तिथी कळते. सौसरच्या कचेरीत भैय्याजी म्हणून नवे बाबू आले आहेत, होशंगाबादकडचे, फार सज्जन. त्यांना म्हटले की श्रावण वद्य धरून पंधरा दिवसांची रजा लिहा. त्यांनी आपल्या पंचांगात पाहिले आणि तारखा घातल्या. रजा मंजूर होऊन आली. बदलीवर पुंडलिकराव नावाचे एक म्हातारे गुरुजी आले, त्यांनी शाळेत बिछानाही टाकला. आज गुरुपौर्णिमेला शाळेत पाटीपूजन झाले, तेव्हा भैय्याजी मला प्रसाद देताना म्हणाले की कल से सावन लग रहा है, मास्टरजी, आप तो निकल रहे होंगे. मी तिथेच खाली बसलो. त्यांच्याकडे महिना पौर्णिमेला सुरू होतो, आपल्याकडे अमावास्येला. त्यांचा श्रावण वद्य उद्यापासून लागतो, आपला महिन्याने.

रजा आता फिरत नाही. पुंडलिकरावही फिरत नाहीत, त्यांनी मुलांना बे एके बे सुरू केले आहे. तुझी वहिनी मला म्हणाली की पहा, राज्य बदलायच्या आधीच तुमचा महिना बदलला. तिने ठरवले आहे की आपण आत्ताच जायचे, तुम्ही रजा संपली की परत या आणि मी बाळंतपण करूनच येईन. माझे मत तिने विचारले नाही.

पावसाळ्यात आगबोट बंद असते म्हणून नागपूर, मुंबई, पुणे असे येऊन पुढे एस. टी.ने घाट उतरू. सोबत ज्वारीचे पीठ, आंबाडीचा वाळवलेला पाला आणि डिंक आहे. समुद्र मी अजून पाहिलेला नाही. भेटीअंती बाकी सर्व.

दादा

---

॥ श्री मारुती प्रसन्न ॥

तिगाव
श्रावण शुद्ध १० (ऑगस्ट)

चि. श्रीकांत व सौ. उर्मिला यांस आशीर्वाद. वि. वि. सुखरूप पोचलो. घरात एकटा आहे. शेजारच्या पंचफुलाबाई भाकर आणून देतात आणि रोज विचारतात की समुद्र केवढा आहे. मी काय सांगू? पहिल्या दिवशी म्हणालो, आपल्या जाम नदीला पूर आला आणि पलीकडचा काठ वाहून गेला तर तेवढा. त्यांना पटले नाही. मलाही पटले नाही.

होडीतून खाडी ओलांडताना मला काय झाले ते तुम्ही दोघांनी कोणाला सांगू नये. तुझी वहिनी आल्यावर साऱ्या तिगावला सांगणारच आहे.

श्रीकांत, तुला घेऊन जायचे ठरवून मी आलो होतो. बोलायचे शब्द गाडीत जुळवून ठेवले होते. पहिल्याच संध्याकाळी पाऊस उघडला आणि तू मला मचवा दाखवायला नेलास. झापांखाली तो कुशीवर पडला होता. पोटाला तेल चोपडलेले, पाठीला मातीचा ओलावा, आणि वरून पाण्याचे थेंब. मला एकदम आपली जामसांवली आठवली. सगळीकडे मारुती उभा असतो, आपल्याकडे तो निजलेला आहे. लहानपणी मी बापूजींना विचारले होते की हा का निजला. ते म्हणाले होते, अरे, समुद्र ओलांडून आला आहे, दमणार नाही का?

मग मला जुळवलेले शब्द सापडले नाहीत. तू फळ्यांवरून हात फिरवत होतास, जसा बापूजी बैलाच्या वशिंडावरून फिरवायचे. उर्मिला पडवीतून बघत होती. तिचे डोळे मचव्यावर नव्हते, तुझ्यावर होते. मला तेवढेच समजले की हे दोघांचे आपसातले आहे आणि मी मध्ये बोलू नये.

नारळीला काय करायचे ते तू ठरव. मी सांगणार नाही. नवसाचे मी पाहतो. वहिनीला मात्र आवरता येणार नाही, ती तिच्या मनाचे बोलेलच.

घरात दिवा लावतो तेव्हा हल्ली तीन नावे घेतो, तिसऱ्याला अजून नाव नाही. तुमचा

दादा

---

भाटवाडी
ता. १७ सप्टेंबर १९५६

तीर्थरूप दादाभाऊजींच्या चरणी उर्मिलेचा नमस्कार. जाऊबाई खुशाल आहेत. तार मिळालीच असेल. पण तारेत काय मावते, म्हणून सगळे लिहिते.

नारळी पौर्णिमेला सारा गाव किनाऱ्यावर होता. ह्यांनी मचवा पाण्यात लोटला, सोनेरी कागद लावलेला नारळ दर्याला दिला. चिपळूणच्या व्यापाऱ्याचा माणूस कौले भरायची म्हणून उभा होता. माझ्या बाबांनी शिडाला हात घातला. हे माझ्याकडे बघत होते आणि मी मान खाली घातली होती. जा म्हणवत नव्हते, राहा म्हणायचा माझा स्वभाव नाही.

तेवढ्यात जाऊबाई पाण्यापर्यंत गेल्या, लुगडे घोट्यापर्यंत भिजले. सगळ्यांसमोर म्हणाल्या की काय करून राहिले भाऊजी, पोळा झाला नाही आन् जुपून राहिले? आमच्याकडे पोळ्याआधी बैलाला असं कोणी दामटत नाही. ज्याच्या जिवावर खाता त्याला आधी जेवू घाला, मग जुपा. व्यापाऱ्याचा माणूस हसला. बाबा हसले नाहीत. त्यांनी शिडावरचा हात काढला आणि म्हणाले, जावई तिकडचा, तर तिकडची रीत एकदा होऊ दे.

मचवा घरासमोर नांगरला. बाकीचे गेले. पहिला माल दुसऱ्याच्या मचव्यात चढला. हे पंधरा दिवस घरी होते. पहिले चार दिवस पायात काटा घुसल्यासारखे फिरत होते. मग एका सकाळी त्यांनी चुलीपुढे बसून मला विचारले की ती पोर कोणासारखी दिसत होती. दोन वर्षांत हे त्यांनी विचारले नव्हते. मी सांगितले. खूप वेळ सांगितले. बाकी काही लिहीत नाही.

पोळ्याच्या आदल्या दिवशी जाऊबाई होडीत बसून मचव्यावर गेल्या. बैलांच्या खांद्याला चोळतात तशी डोलकाठीच्या बुंध्याला तूप-हळद चोळली आणि म्हणाल्या, आज आवतण घ्या, उद्या जेवायला या. भाटवाडीची पोरे अजून तेच ओरडत फिरतात. दुसऱ्या दिवशी पुरणपोळीचा नैवेद्य हे मचव्यावर घेऊन निघाले आणि मला कळा सुरू झाल्या. ते पाण्यातून परत आले, हातात ताट तसेच. दुपारी भरतीचे पाणी अंगणाच्या दगडी गडग्याला लागले होते तेव्हा मुलगी झाली. चांगली रडली. ह्यांनी तिला घेतले आणि त्यांना ताट खाली ठेवायचे सुचले नाही, म्हणून पुरणपोळी आणि लेक दोन्ही हातांत होती. जाऊबाई रागावल्या.

बाराव्या दिवशी सासूबाईंचे नाव ठेवले, जयवंता. त्याच रात्री मीच म्हणाले की आता जा. हे म्हणाले, भीती नाही वाटत? मी म्हणाले, वाटते, पण घरी बसवून ठेवलेला माणूस बघण्याचीही वाटते. एवढे मात्र ठरवून घेतले की दरवर्षी नारळी ते पोळा हे दिवस घराचे. कोणाचा माल असला तरी. ते कबूल झाले. व्यापाऱ्यानेही दुसऱ्या फेरीचा माल दिला आहे.

आज पहाटेच्या ओहोटीला शीड वर गेले. आधी मी अशा वेळी आत बसून राहायची. या खेपेला जयवंताला घेऊन दारात उभी राहिले. खाडीच्या वळणापर्यंत ते मागे बघत होते.

तुमचा महिना चुकला नसता तर जाऊबाई इथे रुळल्या नसत्या, आणि पाण्यात शिरून कोणाला असे बोलल्याही नसत्या. भैय्याजींना माझा नमस्कार सांगा. लेकीवर आजोळ आणि तिगाव दोन्हीकडची छाया असू द्यावी.

आपली
उर्मिला

---

॥ श्री मारुती प्रसन्न ॥

तिगाव, मध्यप्रदेश
कार्तिक शुद्ध ६ (नोव्हेंबर)

चि. श्रीकांत, सौ. उर्मिला यांस आशीर्वाद आणि चि. जयवंतेस गोड पापा. वि. वि. पत्त्यात राज्य पहिल्यांदाच लिहिले, नाव जुनेच पण राजधानी नवी. तुम्ही मुंबई राज्याचेच राहिलात, आम्ही भोपाळचे झालो. शाळेत झेंडावंदन झाले, पेढे वाटले, आणि मग अवकाळी सर येऊन नेहमीप्रमाणे तिसरीच्या वर्गाचे छप्पर गळाले. भैय्याजींना उर्मिलेचा नमस्कार सांगितला. ते फार संकोचले. म्हणाले, मास्टरजी, हमारी गलती से भी कुछ अच्छा हो गया?

भगवंतरावांनी तुझ्या वहिनीला मुंबईला गाडीत बसवून दिले, ती दसऱ्याआधीच पोचली. माझी होडीतली गोष्ट पांढुर्ण्याच्या बाजारापर्यंत गेली आहे.

गेल्या शनिवारी जामसांवलीला जाऊन आलो. पुजाऱ्याने विचारले की नवस फेडायला आलात का? मी म्हणालो, बदलायला आलो. तो म्हणाला की असे चालत नाही. मी म्हणालो, मी देवाशी बोलून घेतो. बराच वेळ बसलो. मारुतीराया नेहमीसारखा निजलेला होता, पायाशी दिवा. धाकट्याला कायमचा घरी आण, असे मागितले होते. ते परत घेतले. आता एवढेच मागितले की तो जाईल तितक्या वेळा त्याला घरी आणत जा. नवसाप्रमाणे दोघा भावांनी मिळून शेंदूर चढवायचा होता. मी माझ्या हाताने चढवला, मग तुझ्या नावाने पुन्हा एकदा चढवला. मारुतीराया काही म्हणाला नाही. म्हणजे चालते.

आंब्या बहाराची संत्री निघाली. तुझ्या अर्ध्या भागातली एक पेटी आज तिगाव ठेसनावरून पाठवतो आहे. तिच्यात तळाशी जामसांवलीच्या शेंदराच्या दोन पुड्या आहेत. एक घराच्या चौकटीला लाव, एक डोलकाठीला. दोन्ही सारख्या केल्या आहेत. तुझ्या वहिनीने हातावर तोलून पाहिल्या.

पुढच्या पोळ्याला आम्ही येतो. तिथी माझी मी पाहीन.

तुझा
दादा