अध्यक्षाचं स्पेलिंग

३ फेब्रुवारी
जीमेलवरून पाठवलेलं कोटेशन चालत नाही म्हणे! नागपूरच्या वसतिगृहवाल्यांना आमच्या बचतगटाची तूरडाळ पसंत आहे. वर्षभराची ऑर्डर द्यायला तयार आहेत, पण गटाच्या स्वतःच्या नावाचा ईमेल हवा. गटाची अध्यक्ष मी. डाळ मिल चालवते माझी सून निकिता. ती शांतपणे म्हणाली, "आई, हे ऑर्डर गेली तं मी मिलले कुलूप लावतो अन् अंकुरकडं पुण्याले चालली जातो."
माझ्या लेकाला आनंदच होईल. मला होणार नाही.

६ फेब्रुवारी
निकिताला घेऊन यवतमाळला इंद्रजीतकडे. गटाची वेबसाईट त्यानंच केलेली. म्हणतो, वेबसाईट माझ्याकडे राहू द्या, ईमेल दुसऱ्या कंपनीकडून घ्या, ती भरवशाची. म्हणजे वेबसाईटचं नाव एकाकडून विकत आणि ईमेलची पेटी दुसऱ्याकडे भाड्यानं! दर पेटीला वेगळं भाडं, म्हणून एकच घेतली. पत्ता कुणाच्या नावानं? मी म्हटलं, 'अध्यक्ष'. माणसं येतात-जातात, पद राहतं. इंद्रजीतनं तसं टाईप केलं. निकिता मोबाईल बघत होती.
मारोतरावांकडे नवरेपणाचा एकच अधिकार उरलाय — टोमणा. "जिंदगीभर अडत्याईले शिव्या देल्या तुनं. आता तुह्या पत्रालेच दोन अडते."

९ फेब्रुवारी
पेटी आहे, पत्र येईना. इंद्रजीतनं फोनवर समजावलं: या नावाची पत्रं कुठे टाकायची, त्याची एक पाटी असते — एमएक्स रेकॉर्ड. नवी लावली, जुनी काढायची राहिली. पत्रं जुन्याच दारात पडत होती. त्यानं जुनी काढली. पहिलं पत्र मी ओसरीत बसलेल्या मारोतरावांना धाडलं: "स्वावलंबनाचा हा ऐतिहासिक क्षण आहे."
उत्तर आलं: "पोचलं. चहा होईल काय?"

१२ फेब्रुवारी
ढाणकीत भाषण. सातबाऱ्यावर बाईचं नाव — माझा नेहमीचा विषय. जी राबते तिचं नाव कागदावर नसेल, तर तो कागद खोटा, असं ठणकावून सांगितलं. टाळ्या थांबेनात.

१३ फेब्रुवारी
घसा पूर्ण बसला. घरात सगळे खूश.

१६ फेब्रुवारी
ऑर्डर देण्याची मुदत उद्या संपते. नवा ईमेल निकितानं नागपूरला फोनवर कळवलाय, तरी ऑर्डरचा पत्ता नाही. निकितानं नागपूरला फोन लावला, स्पीकरवर.
"पाठवली ना मॅडम, परत आली. ते अध्यक्ष जमेना आम्हाला. केएसएच की एक्स, शेवटी ए आहे की नाही... मग सरळ निकिता टाकलं. बोलणं तर सगळं तुमच्याशीच होतं."
परत आलेलं पत्र तिथल्या कारकुनानं व्हॉट्सॲपवर दाखवलं. मशीनचं उत्तर होतं — या पत्त्यावर निकिता नावाचं कोणी नाही.
मी पुन्हा वाचलं. इतकं टोकदार वाक्य मला एकाही सभेत सुचलेलं नाही.
निकिता म्हणाली, "जाऊ द्या आई. तुमचं स्पेलिंगच भारी आहे."
मी तिथेच इंद्रजीतला फोन केला. पेटीचं नाव निकिता कर.
"अन् तुम्ही, काकू?"
एकाच पेटीला दुसरं नाव फुकट जोडता येतं म्हणे. अलायस म्हणतात. त्या नावाची पत्रंही तिच्याच पेटीत पडतात. म्हटलं, मला ते कर.
ओसरीतून आवाज: "ये बाप्पा. मी कधीचाच अलायस आहो."
निकितानं नागपूरला पुन्हा फोन केला. स्पेलिंग सांगावं लागलं नाही.

१८ फेब्रुवारी
ऑर्डर आली, निकितानं सांगितलं. अंकुरला तिनं कळवलंय: भेटायचं तर तूच ये.
मला पत्र वाचायचं होतं. पेटी उघडेना. तिनं पासवर्ड बदललाय.
मी विचारला नाही.