दाराला दिलेले शब्द

२ नोव्हेंबर

आले एकदाची बनारसला! बँकेतून बदलीचा हुकूम आला तेव्हा सांगलीच्या शाखेत सगळ्यांनी माझं सांत्वन केलं, घरचं कुणी गेल्यासारखं. मी तोंड पाडून सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि घरी येऊन दार लावून एकटीच नाचले. कारण इथे ईशानी आहे.

सहा वर्षांपूर्वी पुण्यातल्या एका लेखन शिबिरात आमची ओळख झाली. तेव्हापासून आम्ही दोघी फोनवर, मेलवर, मिळेल त्या वेळात एक कादंबरी लिहितोय. अंतराळातली, चांगली जाडजूड, ‘नक्षत्रतारू’ नावाची. ताऱ्यांमधून भटकणारं एक अवाढव्य गलबत, त्यावरच जन्मून त्यावरच मरणारी माणसं, आणि त्यांची कप्तान निहारा. दोघींचीही पहिलीच कादंबरी. ती आता एका छपराखाली बसून पुरी करायची.

घर दूधविनायकच्या गल्लीत. खाली ईशानीचे बाबा, विश्वेश्वरकाका, वर ईशानी, आणि आता तिच्या शेजारची खोली माझी. काका पाठशाळेत संस्कृत शिकवायचे, आता निवृत्त. मराठी छान बोलतात, पण मधूनच हिंदीत घसरतात. मी बॅगा घेऊन जिना चढायला लागले तर म्हणाले, “अगं, सामान कुठे पळून जातंय? आधी नाश्ता करून घे बेटा.” ताटात कचोरी आणि बाजूला दहीमेतकूट! आईला फोन करून हे सांगितलं. तिला मेतकुटाचं कौतुक नाही, पांघरूण जाड आहे का, एवढंच तिने तीनतीनदा विचारलं.

९ नोव्हेंबर

आठवडा कसा गेला कळलं नाही. बँकेतून आले की चहा, आणि मग गच्चीत सतरंजी टाकून लिहायला बसायचं. ईशानी मुलींच्या शाळेत गणित शिकवते, पण खरा जीव तिचा या कादंबरीत. आमच्या गोष्टीतलं काळं दारही तिचंच. ताऱ्यांच्या दोन समूहांमध्ये एक दार आहे. पलीकडे जायचं असेल तर कुणीतरी त्याला एक शब्द द्यायचा. डोळे मिटायचे, तो शब्द शेवटचा एकदा मनात म्हणायचा आणि श्वासाबरोबर सोडून द्यायचा. मग देणाऱ्याच्या मनातून तो शब्द जातो, आणि मागोमाग ती वस्तूही त्याच्यापुरती नाहीशी होते. समोर असली तरी दिसत नाही; माणूस असेल तर दिसतो, पण परका होतो.

कल्पना सुंदर आहे. पण गेले आठ दिवस आम्ही तेच प्रकरण लिहितोय आणि ते मेल्यासारखं पडून आहे. ईशानी म्हणते, आपण खोटं लिहितोय. शब्द गमावणं म्हणजे काय हे आपल्याला ठाऊकच नाही.

१६ नोव्हेंबर

आज रविवार. सकाळी दोघी भोसले घाटाच्या पायऱ्यांवर ऊन खात बसलो होतो. ईशानी एकदम म्हणाली, आपणच एकेक शब्द देऊन बघू या. खेळ म्हणून. मला हसूच आलं, पण बसले डोळे मिटून. तिने ‘जायफळ’ दिलं, मी ‘उलथणं’; देण्याआधी दोन्ही या वहीत टिपून ठेवले होते. निहारा देते तसंच, अगदी यथासांग.

श्वास सोडला तेव्हा एक विचित्र गोष्ट झाली. समोरून कुणीतरी तो आत ओढून घेतल्यासारखं वाटलं. डोळे उघडले तर समोर नुसती गंगा आणि एक रिकामी नाव. ईशानीला विचारलं, तुला काही जाणवलं का? ती नुसती हसली. तिच्या हातावर काटा आला होता.

१८ नोव्हेंबर

आज मी घावन घालायला घेतले. पहिला घावन तव्यावर टाकला आणि तशीच उभी राहिले. तो उलटायचा कशाने? माणसं कशाने उलटतात? काका काहीतरी माझ्यापुढे धरत होते, घे, घे म्हणत होते. मला त्यांची रिकामी मूठ दिसत होती. शेवटी त्यांनीच घावन उलटला. तो आपोआप उचलला गेला आणि पालथा पडला.

वर येऊन परवाचं पान वाचलं. अक्षरं वाचता येतात. उ, ल, थ, णं. पुढे काही नाही.

ईशानीला सांगितलं. घाबरेल असं वाटलं होतं. तिने मला घट्ट मिठी मारली.

२३ नोव्हेंबर

प्रकरण पूर्ण झालं. दोघींनी मिळून आजवर असं काही लिहिलं नव्हतं. दार आता पानातून बाहेर बघतं. 

मी म्हटलं, बस, आता पुन्हा नाही. ईशानीने कबूल केलं. पण मग म्हणाली, “तुझं बरं आहे, तू सांगलीची. तिकडे कुणालाही वाचायला देशील. इथे माझं मराठी बाबांपाशी सुरू होतं आणि बाबांपाशीच संपतं. हे पुस्तक झालं, तर मी होते असं म्हणता येईल.”



७ डिसेंबर

तिने शब्द पाळला नाही.

ती एकटीच नवी प्रकरणं लिहीत होती. ती इतकी चांगली होती की मी मुद्दाम काही विचारलं नाही, हे इथे लिहून ठेवते. आज जिन्यात तिचा तोल गेला. कठडा हाताशी होता, तरी तिने धरला नाही. मी सावरलं आणि विचारलं. आधी नाही म्हणाली, मग रडली. कठडा कुठला, असंच तिने मला विचारलं. शाळेतली घंटा तिला ऐकू येत नाही. गल्लीतली गाय दिसत नाही, काल तिच्यावर जाऊन आदळली. किती शब्द दिलेस, विचारलं. आता आठवणार कसे, म्हणाली.

शेवटचं प्रकरण मला दे, मी लिहिते, असं मी म्हटलं. तिने मान हलवली. शेवटच्या दाराला निहारा आपला सगळ्यात मोठा शब्द देते. ते ईशानीला स्वतःच लिहायचं होतं.

काकांना सगळं सांगितलं. त्यांना हा वेडेपणा वाटेल असं मला वाटलं होतं. त्यांनी कादंबरीचं बाड मागून घेतलं आणि वाचत बसले.

१४ डिसेंबर

सकाळी मी आणि काका अहिल्याबाई घाटावर होतो. ईशानी पायऱ्या उतरत आली. चेहरा प्रसन्न. शेवटचं प्रकरण झालं, म्हणाली, आणि उतरतच राहिली. शेवटच्या कोरड्या पायरीवर थांबलीच नाही. गुडघे, कंबर, छाती. सपाट रस्त्यावर चालावं तशी चालत होती. काकांनी हाक मारली तेव्हा वळून काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि गडप झाली.

मी आणि एका नाववाल्याने तिला ओढून काढलं. खोकत होती, श्वास कोंडला होता, आणि गोंधळून आमच्याकडे बघत होती. कपडे इतके जड का झाले, असं विचारत होती. म्हणाली, “खाली केवढी खोल दरी आहे बकुळ. पायऱ्या पार खालपर्यंत जातात. तू कधी सांगितलं नाहीस.”

काका पाण्याकडे वाकले. त्यांनी ओंजळ भरून तिच्यापुढे धरली. हे काय आहे, विचारलं.

तिने ओंजळीत बघितलं. म्हणाली, तुमचे हात, बाबा.

१६ डिसेंबर

ती पाणी पीत नाही. पेला ओठांना लावला तर सगळं हनुवटीवरून ओघळून जातं. तिला तहान लागते, घसा धरून बसते, पण कशाची तहान ते सांगता येत नाही. दूध, चहा, डाळीचं वरचं पाणी, काहीच आत ठरत नाही.

इस्पितळात नेलं. सलाइन लावलं तर हात सुजून आला, शरीर घेतच नाही. डॉक्टरांनी असं कधी बघितलेलं नाही. मनाचे डॉक्टरही येऊन गेले. खिडकीतून गंगा दिसते.

१७ डिसेंबर

निहाराच्या गोष्टीत एक वाट होती. आम्हीच ठरवलेली. दिलेला शब्द परत हवा असेल, तर दुसऱ्या कुणी त्याहून मोठा शब्द द्यायचा. काकांनी ते वाचलं होतं.

आज सकाळी मला न सांगता ते घाटावर जाऊन आले. नंतर ईशानी चमच्याने दोन घोट प्यायली. दोन! मी नर्सच्या गळ्यात पडले. बाहेर येऊन काकांना शोधलं तर ते बाकावर नव्हते. घरी गेले होते.

मी मागोमाग पोचले तर काका शांतपणे वाचत बसलेले. मी धापा टाकत सांगितलं, ईशानी पाणी प्यायली. त्यांनी चष्मा काढला.

“कोण प्यायली, बेटा?”

मी पुन्हा नाव घेतलं. ते माझ्या ओठांकडे बघत राहिले. मग म्हणाले, “वर तारेवर कुणा मुलीच्या ओढण्या वाळताहेत. तुझ्याकडे कुणी राहायला आलंय का?”

१८ डिसेंबर

काकांनी दिलेलं तिचं नाव दोनच घोटांना पुरलं. आज पुन्हा काही नाही. ओठ फाटलेत. जीभ बाहेर येत नाही. डॉक्टर म्हणतात, फार तर दोन दिवस.

काका विचारतात, रोज कुणाला भेटायला जातेस? बरी होईल ती, म्हणतात. डबा भरून देतात त्या परक्या मुलीसाठी.

१९ डिसेंबर

माझ्याकडे तेवढा मोठा एकच शब्द आहे.

आईला फोन केला. खूप वेळ ती बोलत राहिली. तिने वालाची उसळ केली होती. शेजारच्यांचं कुंपण. मावशीचे गुडघे. मी नुसती ऐकत होते. आवाज का बसलाय, विचारलं तिने. थंडी, म्हटलं. ठेवते गं, म्हणाली. मी म्हटलं, अजून थोडं बोल.

आई. आई. आई. आई.

उद्या सकाळी.

२० डिसेंबर

दिला.

श्वास पूर्ण सुटायच्या आतच ओढून घेतला. दार वाट बघत होतं.

धावत इस्पितळात. ईशानीचे डोळे उघडे. पेल्याकडे बघत होती. खरंच पेल्यात बघत होती. म्हणाली, “पाणी.” स्पष्ट. “पाणी दे.”

पेला लावला. घोट तोंडात घेतला. पण गिळायला—

मूत्रपिंडं कालच थांबली होती म्हणे. डॉक्टर म्हणाले, उशीर झाला. तोंडातलं पाणी कडेने हळूहळू

२१ डिसेंबर

अग्नी कुणी द्यायचा? काकांना घेऊन गेले. ते आले, परक्याच्या मयताला जावं तसे, खांद्यावर उपरणं घेऊन. गुरुजींनी सांगितलं तसं सगळं केलं. परतताना मला हळूच म्हणाले, “तरुण होती गं. हिच्या घरचं कुणीच कसं आलं नाही?”



२३ डिसेंबर

फोन वाजतो. सारखा. पडद्यावर दोन अक्षरं येतात. वाचता येतात. कुणाची आहेत ते नाही.

एकदा उचलला. एक म्हातारा आवाज. बाळा म्हणाला. चुकीचा नंबर, सांगितलं.

नंतर तो आवाज रडायला लागला. ठेवून दिला.

२५ डिसेंबर

मी आता काही देत नाहीये. शपथ.

तरी श्वास सोडला की समोर कुणीतरी असतं. खोलीत, बँकेत, काउंटरच्या पलीकडे. त्याला वाट सापडली. आज सकाळी पायात घालायचे ते— दोन असतात— चामड्याचे— अनवाणी गेले. सगळे बघत होते.

श्वास रोखून धरते. किती वेळ धरणार?

२६ डिसेंबर

बाड जाळलं. गच्चीत. काकांना धूर दिसला, ते वर आले, काय होतं ते, विचारलं.

आमचं होतं. माझं आणि

तिचं नाव अजून आहे. ईशानी. ईशानी. आहे.

२७ डिसेंबर

भिंतीवरचं गोल, ज्यात वेळ— गेलं.

खिडकीबाहेर वर काय असतं? निळं होतं का?

काका जेवायला हाक मारतात. ते तरी अजून

२८ डिसेंबर

एक बाई आल्यात. साठीच्या. लांबून, रेल्वेने. काकांनी त्यांना चहा दिला आणि वर पाठवलं. मला बघून हातातली पिशवी गळून पडली. माझं तोंड दोन्ही हातांत धरलं. बकुळ, बकुळ, काय झालं गं तुला. माझं नाव त्यांना कसं—

बसायला दिलं. आपण कोणाकडे आलात, विचारलं. नीट, आदराने विचारलं.



आता शेजारी बसल्यात. मी लिहितेय आणि त्या माझ्या पाठीवरून हात फिरवताहेत. पाठ त्या हाताला ओळखते. मी नाही. सारखं एकच सांगताहेत. प्रत्येक वेळी शेवटचा शब्द येतो आणि तिथे नुसते ओठ हलतात. ऐकू येत नाही. पुन्हा सांगा, म्हटलं. पुन्हा सांगताहेत, माझी हनुवटी धरून, हळू, एकेक शब्द वेगळा करून. अगं, मी तुझी