शिशाची रेघ

मिल हिल, व्हरमाँट
रविवार, २४ मार्च

प्रिय नॉर्मंड,

अनेक आशीर्वाद. तू खुशाल असशील. आम्हीही बरे आहोत. यंदा रात्री गोठतंय आणि दिवसा वितळतंय, अगदी हवं तसं, त्यामुळे मेपलच्या झाडांना लावलेल्या बादल्या दुपारपर्यंत रसाने भरतात. शेजारच्या ऑल्डनची गाय व्याली. माझा गुडघा कुरकुरतो, पण काम टाकत नाही.

बाबांनी रस आटवायला नवी काहील केली. जुनीच्या बुडाला भोक पडलं होतं. ऑल्डनने दुधाच्या मोडक्या टाकीचा स्टेनलेस पत्रा आणून दिला. बाबांनी तो कापला, कडा ठोकून उभ्या केल्या, रस वळणं घेत पुढे सरकावा म्हणून आत आडव्या पट्ट्या बसवल्या. चुलाणावर चढवून पाणी ओतलं तर एक थेंब गळाला नाही.

"रोझेर, हात शाबूत आहेत बुवा तुझे," ऑल्डन म्हणाला.

"आणि तुझी जीभ," बाबा म्हणाले.

हात शाबूत आहेत हे खरं. 'आम्ही बरे आहोत' असं वर लिहिलंय ते मात्र खरं नाही. खोडत नाही, राहू दे. वेल्डिंगचा सिलिंडर मी हिवाळ्यातच ऑल्डनकडे नेऊन ठेवला, कारण ज्योत पेटती सोडून बाबा जेवायला येऊन बसायचे. मला कधी कधी ते त्यांच्या आईच्या नावाने हाक मारतात. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलंय. ते मला लिहवत नाही.

सिलिंडर नाही म्हणून त्यांनी सांधे सोल्डरची तार वितळवून जोडले. मला बरंच वाटलं, हाताला काम आहे, माणूस शांत आहे. पहिला पाक उतरला तो इतका सुरेख की ते बाटली उजेडात धरून हसत राहिले. फेस वर आला की खाली बसावा म्हणून काहिलीवर डुकराच्या चरबीचा तुकडा टांगतात, तोसुद्धा ते विसरले नव्हते. आजच्या रविवारी ऑल्डनच्या नातवंडांना बर्फावर पाक ओतून खायला बोलवायचं ठरलं.

मग त्यांचं कामाचं बाक आवरताना उरलेली सोल्डरची गुंडाळी सापडली. मऊ, नखाने वाकणारी. वर्तमानपत्रावर ओढली तर करडी रेघ उठली, म्हणजे आत शिसं. नॉर्मंड, ती तुझीच गुंडाळी. त्यांनी फेकून दिली असं मला सांगितलं होतं, आणि इतकी वर्षं खिळ्यांच्या डब्यात जपून ठेवली होती. का, ते आता त्यांनाही सांगता यायचं नाही.

याच गुंडाळीने तू जोडलेल्या काहिलीवर त्यांनी सगळ्या गावादेखत कुऱ्हाड घातली, ती याच शिशापायी. "हे पोरांच्या पोटात जातं, गाढवा!" तो आवाज माझ्या कानातून गेलेला नाही. म्हणणं खरं होतं, पण कुऱ्हाड नको होती. तू त्याच उन्हाळ्यात निघून गेलास.

मी सगळा पाक बर्फात ओतला. करपला म्हणून सांगितलं.

"करपला? माझ्या हातून?" एवढंच म्हणाले आणि लहान मुलासारखे रडायला लागले. ते मला बघवेना. मी खरं काय ते सांगितलं. त्यांचा विश्वास बसेना, म्हणून गुंडाळी हातात दिली आणि तुला पत्र लिहायला काढलेला हा कागद पुढे सरकवला. त्यांनी स्वतः रेघ ओढली आणि तिच्याकडे बघत बसले.

"हे त्या पोराचं काम," ते म्हणाले. "नॉर्मंडचं."

कुऱ्हाड दाराशीच होती. त्यांची नजर तिकडे गेली आणि मला धडकी भरली. पण ते उठले नाहीत.

"त्याला ओरडू नकोस," म्हणाले. "पोर आहे, मन लावून केलंय. कडा बघ कशा सरळ आल्यात. उद्या मी बसतो त्याच्याबरोबर, दुसरी करू."

दुसऱ्या दिवशी टोपी घालून ते काहिलीपाशी पालथ्या बादलीवर बसून राहिले. जेवायला उठले नाहीत. "तो आला की मग येतो," म्हणाले. अंधार पडल्यावर मी हाताला धरून घरात आणलं.

तेव्हाच तुला फोन करायला हवा होता, पण तू उचलणार नाहीस याची भीती वाटली. आज सकाळी धीर केला आणि आधी त्यांना म्हटलं, "नॉर्मंडला बोलावू का?"

ते काहिलीवरून हात फिरवत होते. "छान केलीय," म्हणाले. "कुणी?"

"नॉर्मंडने."

"कोण नॉर्मंड?"

मी फोन केला नाही. ये असं आता कुठल्या तोंडाने म्हणू? झाडांना कळ्या फुगायला लागल्यात, दोन दिवसांत रस कडवट होईल. यंदाचं सगळं संपलं.

या कागदाच्या तळाशी करडी रेघ आहे, ती शिसपेन्सिलीची नाही, नुसत्या शिशाची आहे. हात धुऊन टाक, पण रेघ ठेव. ती ओढली तेव्हा तू त्यांना आठवत होतास.

दोघांच्या वतीने एकटीच सही करणारी,
तुझी आई