मागच्या बाजूची चाकं

रविवार, ३ मे

बरोबर नेतोय त्यातल्या माझ्या हातच्या वस्तू — गळ्यात अडकवायची चामड्याची चार पाकिटं, पासपोर्ट बसेल एवढी. बॅगांच्या पट्ट्यांना चार पितळी बकलं. डॉक्टरच्या गुडघ्यासाठी तीन तुकड्यांत उलगडणारी काठी, जोडाचे आटेसुद्धा मीच पाडलेले. एक कुलूप, दोन किल्ल्या. आणि ही वही, शिवणीपासून पुठ्ठ्यापर्यंत. विकतचे फक्त बूट.

चारही पाकिटं हुबेहूब सारखी. मोजून बघा, अर्ध्या मिलिमीटरचा फरक निघणार नाही. डॉक्टर म्हणाला, "अरे, वर नावं तरी घाल." म्हटलं, चामडं आहे ते, शाळेचं बाक नाही! टेलरने उलटसुलट करून पाहिलं. "टाका सरळ आहे रे, पण त्यात जीव नाही." तीस वर्षं लोकांच्या पँटी आखूड शिवणारा माणूस! वकील एकटा पाकीट गळ्यात घालून आरशासमोर उभा राहिला.

मंगळवार, ५ मे

पोचून एक दिवस झाला आणि माझं डोकं फिरलं आहे. सकाळी सात-चाळीसला खाली भेटायचं, असं मी चौघांसाठी लिहून काढलेल्या वेळापत्रकात स्वच्छ अक्षरात आहे. मी सात-पस्तीसला हजर. डॉक्टर आठ वाजता. टेलर आणि वकील आठ-वीसला, हसत! ट्राम डोळ्यांदेखत गेली. टेलर म्हणतो, "सहलीला आलोय बाबा, भरतीला नाही."

वीस वर्षं रोज सकाळी ही माणसं माझ्याबरोबर फिरायला येतात. पावणेसहाला, मिनिटभर इकडेतिकडे नाही. मग परदेशात आल्यावर काय होतं यांना?

बुधवार, ६ मे

आज तळ्यावर गेलो. वल्ही डॉक्टरकडे. होडी जागच्या जागी गोल गोल फिरत राहिली आणि काठावरची मुलं टाळ्या वाजवायला लागली. "डॉक्टर, पेशंट दगावतोय!" — वकील. मी इतका हसलो की बरगड्या दुखल्या. हेही लिहून ठेवलं पाहिजे. नुसता राग लिहायचा हा अन्याय होईल.

उद्या गुरुवार. माझा दिवस.

भंगारात मिळालेल्या एका फाटक्या पुस्तकात आटे पाडायच्या जुन्या यंत्राचं चित्र होतं. ते बघून मी माझं यंत्र केलं, बावीस वर्षांपूर्वी. कोणी शिकवलं नाही. पण चित्र फक्त पुढून काढलेलं. मागची दातेरी चाकं कशी बसवली असतील, ते मी अंदाजाने ठरवलं. यंत्र चालतं, अजून चालतं. पण बरोबर चालतं की कसंतरी चालतं, हे मला बावीस वर्षं माहीत नाही! चित्रातलं ते मूळ यंत्र इथल्या एका संग्रहालयात आहे. फक्त गुरुवारी उघडं, दहा ते दोन, एका वेळी बारा माणसं. तिकीट चार महिने आधी काढलंय, माझ्या नावावर. बाकीचे तिघे बाजारात जाणार. जावोत.

गुरुवार, ७ मे

अक्षर वाकडं येतंय. येऊ दे.

सव्वासहाला निघालो. वकील झोपलेला, म्हणून दिवा लावला नाही. खुंटीवरचं पाकीट गळ्यात घातलं, गाडीत दोन तास बसलो. दारावरच्या माणसाने पासपोर्ट मागितला. उघडला, त्यातून वकिलाचा चेहरा माझ्याकडे बघतोय! माझं तिकीट, माझा पासपोर्ट, सगळं दुसऱ्या पाकिटात. ह्यात काय, तर त्याचं चष्म्याचं फडकं आणि गोळ्यांची पट्टी, दहातल्या सहा शिल्लक.

दारावरच्या माणसाला हातवारे करून सांगितलं, फोनमधला माझ्या यंत्राचा फोटो दाखवला. त्याने मान हलवली. काचेतून यंत्र दिसत होतं. पुढूनच! पुस्तकातल्यासारखं! वकिलाला फोन केला, उचलला नाही. पाचव्यांदा केला तेव्हा डॉक्टरने उचलला. "नंतर बोलतो," म्हणाला आणि ठेवून दिला. मागे बाजाराचा गलका. खरेदी चालली होती यांची!

जाऊन परत येईपर्यंत दोन वाजले असते.

संध्याकाळी खोलीत वकिलावर तोंड सोडलं. माझ्या खुंटीवर तुझं पाकीट कशाला? स्वतःचं आणि दुसऱ्याचं कळत नाही, तर कोर्टात काय कळत असेल? तो पलंगावर पडून होता. ऐकून घेतलं. डॉक्टर मध्ये पडला, "सारखी तूच केलीस ना? नावं घाल म्हटलं होतं." त्यालाही सुनावलं.

शुक्रवार, ८ मे

कोणाशी बोललो नाही.

रविवार, १० मे

हिचा फोन आला. "किती दिवस गाल फुगवून बसणार? आल्यावर सकाळी एकटेच फिरणार आहात का?"

हो, एकटाच फिरेन! परत यांच्याबरोबर गावातल्या कोपऱ्यापर्यंतसुद्धा जाणार नाही. लिहून ठेवतो, म्हणजे विसरायला नको.

मंगळवार, १२ मे

जेवताना, वकील वर खोलीत असताना, टेलरच्या तोंडून निघून गेलं. "आता रागावर पाणी सोड की. तो मेला असता त्या दिवशी." डॉक्टरने त्याला टेबलाखालून लाथ मारली, ती मला लागली. मग सगळं काढून घेतलं त्यांच्याकडून.

गुरुवारी सकाळची गोळी वकिलाला मिळाली नाही. मिळणार कुठून, माझ्या गळ्यात होती! आदल्या रात्रीचीही तो विसरला होता. बाजारात चक्कर आली, ओठ पांढरे पडले, अर्धा तास फुटपाथवर बसून होता. डॉक्टरची चिठ्ठी इथे चालेना. औषधाच्या दुकानातली बाई ऐकायला तयार नाही. शेवटी वकीलच जमिनीवर बसून तिच्याशी भांडला तेव्हा तिने दोन गोळ्या दिल्या. माझे पाच फोन त्याच वेळचे.

आणि मी पट्टीतल्या गोळ्या मोजल्या होत्या! कशाच्या, हा विचार एकदाही आला नाही. खुंटी दोघांची एकच होती. अंधारात पहिला हात माझा गेला.

"मला का नाही सांगितलंत?" म्हणून मी ओरडलो. आजूबाजूचे लोक बघायला लागले. टेलर म्हणाला, "त्यानेच बजावलं. तुझा दिवस आधीच गेलाय म्हणाला, त्यात हे नको."

कोर्टात दिवसभर बोलणारा माणूस. मी वाट्टेल ते बोललो आणि तो गप्प. राग आहेच, जरासुद्धा कमी झालेला नाही. फक्त कोणावर काढायचा ते कळेनासं झालंय.

बुधवार, १३ मे — विमानतळ

विमानात जागांपेक्षा माणसं जास्त झाली. एकाने उद्या संध्याकाळी यावं, भरपाई देऊ, अशी घोषणा झाली. वकिलाने मला न विचारता माझं नाव पुढे केलं, वर घासाघीस करून रक्कमही वाढवून घेतली. "उद्या गुरुवार आहे रे. दहा वाजता दारात उभा राहा, बारातला एखादा येत नाहीच. बघून घे एकदाची तुझी चाकं."

माझी जागा त्याच्या शेजारची.

नको म्हटलं. हॉटेलची रात्र, दोन वेळचं जेवण आणि रोख — आपल्या पैशांत एक्केचाळीस हजार दोनशे, सगळ्यावर पाणी सोडलं.