चिंचोक्याची खळ

सोलापूर, १२ मार्च १९३४

प्रिय म्हाळसा,

आज कोर्टात गेलो. दुपारी माझी साक्ष झाली. सात रस्त्यावरून चालत घरी आलो, ऊन फार होतं. तू वारल्यावर तुला हे पहिलंच पत्र. पोचायचं नाही हे कळतंय, तरी लिहितो.

खटला तुझ्या खळीचा आहे. पेटंट माझ्या नावावर, आणि न विचारता ती खळ वापरणाऱ्या गिरणीवर फिर्यादही माझीच. गिरणीचं म्हणणं, पेटंटच टिकत नाही. घोंगडीवाले पिढ्यान्‌पिढ्या चिंचोक्याची खळ लावतात, मग यात नवं काय? तुझ्या माहेरच्या ईरप्पाला त्यांनी साक्षीला आणलं. तो म्हणाला, खळीनं घोंगडं ताठ होतंय, सुताचं आपल्याला काय ठाऊक न्हाय. त्यांचे वकील हसले. ठाऊक असायची गरजच नाही म्हणाले. धाग्यात ओल धरून ठेवायचा गुण चिंचोक्यातच आहे, कोणी बघो न बघो. आणि लोकरीला लावतात ते सुताला लावून बघणं कुणालाही सुचेल.

मला नव्हतं सुचलं. आपल्या पहिल्या उन्हाळ्यात कोरड्या हवेनं मागावर सूत सारखं तुटायचं, सगळी पेठ टोकं जोडत बसायची. तू चुलीपुढं चिंचोके भाजायला घेतलेस, खळ पातळ करून त्यात एरंडेल टाकलंस. मी तर नको म्हणालो होतो, सूत वाया जाईल म्हणून. गुण असेल चिंचोक्यात पहिल्यापासून. तुझ्या हातांना तेव्हा भाजक्या चिंचोक्याचा वास असायचा. कारखान्यात आजही तीच खळ शिजते, पण तो वास येत नाही.

आपल्या वकिलांनी सकाळीच बजावलं होतं, शोध मीच लावला असं सांगायचं. दुसऱ्या कुणाचं नाव आलं की पेटंट गेलं.  उलटतपासणीत गिरणीच्या वकिलांनी विचारलं, ही खळ पहिल्यांदा केली कुणी? आमच्या कारभारणीनं, मी म्हणालो. जज्जसाहेबांनी मान वर केली.

"नाव सांगा."

"म्हाळसा."

आपल्या वकिलांनी कागद मिटले. निकाल पुढं लागेल, पण काय लागेल ते आजच कळलं. आता ही खळ कुणीही करेल. करू दे.

पेटंटचे कागद आले तेव्हा तुझं नाव घालू का म्हणून विचारलं होतं. तू पदर तोंडाला लावून हसलीस आणि म्हणालीस, "तुमी तरी माझं नाव कुटं घेताय?" लग्नात लोकांनी हट्ट केला म्हणून घेतलं, तेवढंच. पुढचा सगळा संसार 'अगं' म्हणण्यात गेला. आज चारचौघांत घेतलं, आणि घरी येईपर्यंत ते तोंडातून जाईना. दार उघडलं तर हाक मारायला कोणी नाही. म्हणून कागद घेतला.

आता चूल पेटवतो. सकाळचं कालवण आहे, एक भाकरी टाकली की झालं.

तुझाच,
धुळा